मालगाडीच्या डब्यावरची संख्या
तापलेल्या लोखंडाचा वास आला की दौंडच्या फलाटावरची ती दुपार आठवते. वडिलांची स्मृती आता जातच राहणार, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही गावी परतत होतो. समोर मालगाडी उभी होती. वडील गणिताचे मास्तर. माझ्या लहानपणी रेल्वे फाटकात अडकलो की डब्यावरच्या अकरा आकडी संख्येला तीनची, अकराची कसोटी लावून तिचे अवयव पाडून दाखवायचे. डॉक्टर चुकले असतील, अशा आशेनं मी मुद्दाम शेवटी पाच असलेला डबा निवडला. त्याला पाचने भाग जातो, हे चौथीतलं पोरही सांगेल. “आप्पा, ही कसली संख्या?” त्यांनी डोळे बारीक केले, बोटांवर काही मोजलं. “मूळ संख्या हाय. कशानंच भाग जात न्हाई.” आवाज अगदी वर्गातला. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, “मास्तर दिसत्यात. लई हुशार!” वडील खूश झाले. “पुढचा डबा सांग,” म्हणाले. पुढच्याच्या शेवटी शून्य होतं. तीही मूळच ठरली. “बरोबर, आप्पा,” म्हणत मी गाडी हलेपर्यंत विचारत राहिले. आजही मालगाडी लागली की नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते, आणि पाच दिसला की मी मान वळवते.