दौत खुर्चीखाली

अन्याय माझ्यावर झाला. इंग्रजी तिसरीच्या तोंडी परीक्षेत, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी सकाळी, कोल्हापुरातल्या एका शाळेत, भरल्या वर्गात. करणारे दोघे. आमचे इंग्रजीचे मास्तर आणि परीक्षा घ्यायला आलेले डिपुटीसाहेब. दोघेही अजून पगार खातात, म्हणून लिहितो.

मी शहरालगतच्या महारवाड्यातला. शाळेत शिवाशिव पाळायची नाही, सगळी पोरं एकत्र बसवायची, असा दरबारचा हुकूम निघालेला होता. आमच्या शाळेनं तो चौकटीत घालून वर्गाच्या दारावर टांगला आणि मला बरोबर त्याच्याखाली, उंबऱ्याबाहेर बसवलं.

मास्तरांची शिकवायची रीत चांगली होती. 'इन', 'ऑन', 'अंडर', 'बिहाइंड' हे शब्द ते घोकायला लावत नसत, करायला लावत. टेबलावर दौत असे. एकेक पोरगा उठायचा, ती पेटीत ठेवायचा आणि म्हणायचा, "द इंकपॉट इज इन द बॉक्स." मग पेटीमागे, मग टेबलाखाली. आपण आधी टेबल म्हणतो, मग खाली. इंग्रज आधी खाली म्हणतो, मग टेबल. ही उलटी चाल नुसत्या डोळ्यांनी येत नाही, हातानं येते. माझी पाळी आली की मास्तर म्हणायचे, "तू तिथूनच बघ. बघूनही येतं."

मग मी घरी सुरू केलं. घरात टेबल कुठलं? भाकरीची दुरडी, पाण्याची घागर आणि पंचगंगेतला एक गोटा. गोटा दुरडीत, गोटा घागरीमागं, गोटा दोहोंच्या मध्ये. आई चुलीपुढनं ओरडायची, "आरं, किती फिरवतुयास त्या धोंड्याला? घेरी यील की त्याला!"

"इंग्रजी हाय, आई."

"व्हय? म्हंजी सायबाच्या घरात बी धोंडंच फिरवत्यात म्हण की!"

हसायची, पण काय पणाला लागलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. पास झालो तर बोर्डिंगात जागा आणि पुढची शाळा. नापास झालो तर मेलेल्या बापाच्या जागी गावकीची वेठ.

परीक्षेत माझ्याकडं वळून डिपुटीसाहेब इंग्रजीत म्हणाले, दौत खुर्चीखाली ठेव आणि बोल. मी उठलो. मास्तर घाईनं म्हणाले, "तो तिथूनच सांगेल, साहेब."

मी सांगितलं, "द इंकपॉट इज अंडर द चेअर."

साहेबांनी चष्म्यावरून टेबलाकडं पाहिलं. "चूक. दौत टेबलावर आहे. आता पेटीमागे ठेव."

"द इंकपॉट इज बिहाइंड द बॉक्स."

"चूक. टेबलावरच आहे."

वर्ग फिदीफिदी हसला. पुढच्या बाकावर माझा दोस्त होता, मुसलमान रंगाऱ्याचा पोरगा. तो मोठ्यानं म्हणाला, "सायेब, त्याचं बरोबर हाय. दौतच खोटं बोलतीया!" त्याच्या पाठीत रूळ बसला.

तेव्हा मी उंबरा ओलांडला. दौत उचलली, खुर्चीखाली ठेवली आणि ताठ उभा राहून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आता तर दौतही माझ्या बाजूची होती.

मास्तरांनी शाई गटारात ओतायला लावली, खुर्चीवर पाणी शिंपडवलं. साहेबांनी माझ्यापुढं 'नापास' लिहिलं. मी कारण विचारलं. म्हणाले, "परवानगीशिवाय जागा सोडलीस." दौत खुर्चीखाली ठेव, असं कोण म्हणालं होतं मग?

बोर्डिंग गेलं. आईनं मला गावकीला पाठवलं नाही, स्वतः गेली. "तुझा हात दौतीला लागलाय. आता तो दुसरीकडं लावू नगंस," म्हणाली. मी छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. मी पत्रकं काढतो आणि ती पाटलाच्या दारात सरपण टाकते. आजही टाकते.

हे वाचून तुम्ही हळहळाल. तुमची हळहळ मला नको. उद्या सकाळी तुमच्या पोराच्या शाळेत जा. उंबऱ्याबाहेर जो बसला असेल त्याचा हात धरा, त्याला टेबलापाशी न्या आणि दौत त्याच्या हातात द्या. मास्तर आडवे आले तर दारावरचा हुकूम खाली उतरवा आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.