शेवळं आली, काकडं नाहीत

ऐंशीच्या दशकात बोरिवलीच्या बाजारात जंगलातली एक बाई शेवळं विकायची. या रानभाजीने घसा खाजतो, म्हणून प्रत्येक जुडीवर ती काकडं नावाची आंबट फळं मूठभर ठेवायची.

एका वर्षी अवकाळी पावसाने शेवळं लवकर उगवली. टोपली भरलेली, पण काकडं नव्हती.

"जुडी दे, चिंच घालू," मी म्हणालो.

"नाय. तुझी आई मला शिव्या घालील."

तिची चूल त्या टोपलीवर पेटायची, तरी तिने कुणालाच जुडी दिली नाही.

"दोघं संगती यायची. यंदा एकाला निरोपच नाय गेला. तू शिकलेला ना, सांग कसं झालं?"

घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, तोही वनस्पतिशास्त्राचा. म्हणालो, "माहीत नाही."

"मग मास्तरला विचार," म्हणत तिने भरली टोपली डोक्यावर घेतली.

विचारलं. मास्तरांनाही माहीत नव्हतं.