शेजाऱ्यांची रानसफरचंदं

बॉनला आम्ही श्रेबरगार्टन घेतला, म्हणजे गावाबाहेर भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा, तेव्हा शेजारच्या तुकड्यात हे आजोबा होते. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथे सगळे एकमेकांना तुकड्याच्या नंबरानेच ओळखतात. मी सतरा.

त्यांच्याकडे नुसती रानसफरचंदं, बोराएवढी, प्रत्येक झाड वेगळ्या जातीचं. पहिल्याच ऑक्टोबरात त्यांनी कुंपणावरून एकेक फळ मला चाखायला दिलं. मी चावत असताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एक फळ आधी तुरट, मग आवळ्यावर पाणी प्यावं तसं गोड लागलं.

"हे आवडलं," मी म्हणाले.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत त्यांनी खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं.

झाडांना पत्र्याच्या चकत्या होत्या, नंबर कोरलेल्या. मला वाटलं, जातींचे असतील.

"छे, शेजाऱ्यांचे," ते म्हणाले. "ज्याला जे आवडलं, त्याचं कलम करतो. हे बावीस. याला पहिलं फळ धरलं, त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. फळं पाखरांनी खाल्ली."

बावीस नंबरचा तुकडा मी ओसाडच पाहिला होता. पलीकडच्या झाडावर नऊ होता; तो तुकडाही तसाच.

पुढच्या मार्चमध्ये कुंपणालगत नवं रोप दिसलं. चकतीवर सतरा. माझा चेहरा बघून आजोबांनी मायेने माझा हात थोपटला.

"घाबरू नका. फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात."

त्याला आता चार वर्षं झाली. परवा नवरा कौतुकाने सांगत आला, "अगं, आजोबांच्या त्या छोट्या झाडाला यंदा फुलं आलीत."