काकूच्या गोळ्या

शिंदखेड्याच्या भूपेंद्रने धुळ्याच्या जिममध्ये कमावलेलं शरीर बघायला गल्लीतली पोरं थांबायची. तो मात्र उन्हाळ्यापासून घरातसुद्धा बनियन काढत नव्हता. डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आली होती. नुसता हात लागला तरी ठणकायची.

जिममध्ये शरीर फुगवायच्या इंजेक्शनांचा कोर्स देणाऱ्या हितेंद्रभाईला त्याने ती दाखवली, तर भाई हसला. म्हणाला, गायनो आहे, पुरुषाला बाईसारखी छाती येते, होतं. बाहेरून घेतलेलं पुरुषी हार्मोन जास्त झालं की शरीर त्यातलं थोडं बायकांच्या हार्मोनमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ते खाली आणायची गोळी मिळते. आधी रक्त तपासू का, असं भूपेंद्रने विचारलं.

"आरसा आहे ना घरी? तोच रिपोर्ट," भाई म्हणाला.

गोळीचं नाव ऐकून भूपेंद्र चपापला. तीच गोळी तो दर महिन्याला धुळ्याहून आणत होता, त्याच्या विधवा काकूसाठी. बेबाबाई घराच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. कॅन्सरमुळे तिची एक छाती काढली, तेव्हापासून तो परत उलटू नये म्हणून ही गोळी सुरू होती. आता तो काकूचं नाव सांगून दोन पाकिटं घेऊ लागला.

तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न होतं, पाचोऱ्याच्या डिंपलशी. त्याला धास्ती होती ती हळदीची. अंगणात मांडव, पाटावर उघडा नवरदेव आणि छातीला हळद चोळणाऱ्या भाऊबंदांच्या बायका. मित्र तर म्हणत होते, भूपाभाऊच्या हळदीला तिकीट लावू. त्याने इंजेक्शनं बंद केली आणि गोळी मनानेच दुप्पट केली. गाठ जराही विरघळली नाही. इस्ट्रोजेन मात्र पार तळाला गेलं असावं. गुडघे कुरकुरायला लागले, सकाळी बोटं आखडायची, आणि मन असं कोरडं पडलं की डिंपलशी काय बोलावं ते सुचेना.

हळद आठवड्यावर आली आणि दुकानात एकच पाकीट निघालं. दुसरं कधी येईल, ते दुकानदाराला सांगता येईना. बसमध्ये भूपेंद्रने मनाशी ठरवून टाकलं, काकूला सांगायचं, माल आला नाही. थोडे दिवस गोळी चुकली तर तिचं काय बिघडणार होतं?

काकू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून उठायला गेली. आधी बोटं एकेक करून सरळ केली, मग चौकट धरून, दम खाऊन उभी राहिली. रोज सकाळी तोही असाच उठायचा. रचून ठेवलेलं वाक्य तोंडातून निघेना. त्याने पाकीट तिच्या हातात दिलं.

"आनि तुनं?" काकूने विचारलं.

तो चपला काढायला खाली वाकला.

"सकायले तुले मूठ वयत नही. मी देखस. तू बी ह्याच गोया खास ना, भूपा?"

त्याने शर्टाची बटणं काढली. काकूने हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग खाली बसली.

"मनी गाठ बी मी कोनलेच दखाडी नही. मंग कापनी पडनी. सकाय मनासंगे डॉक्टरकडे चाल."

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं आणि मग त्याच्या गोळ्या बंद केल्या. जुनी गाठ गोळीने जात नाही, ती काढावीच लागेल, म्हणाले. हळदीपर्यंत ते होणं शक्य नव्हतं.

भूपेंद्र शर्ट घालूनच पाटावर बसला. बायकांनी गालांना, हातापायांना हळद लावली. नवरदेवाला थंडी वाजते का, असं कुणीतरी विचारलं. मांडव हसला, तोही हसला. विधवा म्हणून काकूला मांडवात बोलावलं नव्हतं. त्या गर्दीतल्या एकालाही त्याचं काही ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, ते मागच्या दाराआड उभं होतं.