नातीचं न्हाणं

दरेकशाच्या चमेलीबाईनं सव्वा महिना नातीला स्वतःच्या पसरलेल्या पायांवर न्हाऊ घातलं. आधी हलक्या हातानं तेल, मग कोपर बुडवून पारखलेलं कोमट पाणी, कपाळावर आडवा हात; डोळ्यांत थेंब गेला तर शपथ! "नाकाकानात तेल टाकशील तर याद राख," असं लेकीला दटावतच तिनं काल दोघींना सासरच्या गाडीत बसवलं.

आज सकाळी सवयीनं तिनं पाणी तापवलं. कोपर बुडवून पाहिलं, अगदी बेताचं होतं. मग अंगणात पाय पसरून ती बसूनच राहिली.

"पाय दुखून राहिले का?" नवऱ्यानं, फागूनं विचारलं.

"नाही."

"मंग ऊठ ना."

"कायले?" म्हणत तिनं ते कोमट पाणी आपल्याच रिकाम्या पायांवर हळूहळू ओतलं.