आजीला दूर ठेवावं

लायब्ररीच्या बालविभागात ताई गेली सव्वीस वर्षं बसतात, आणि सव्वीस वर्षं त्या ताईच आहेत. पहिल्या वर्षी ज्या मुली नाक पुसत पुस्तक मागायच्या, त्या आता आपापल्या लेकींना बोटाला धरून आणतात. आई म्हणते ताई, लेकही म्हणते ताई. शेजारच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रांच्या दांड्या सांभाळणारे काका मात्र ताईंचे केस रंगवलेले आहेत, ही बातमी न विचारता देतात. छापील बातम्यांवर त्यांचं भागत नाही.

ताईंची पुस्तक द्यायची रीत जगावेगळी. मूल आलं की त्या "काय आवडतं रे तुला?" असं कधी विचारत नाहीत. कारण त्यावर मूल आईकडे बघतं, आणि आई म्हणते, "त्याला विज्ञान फार आवडतं." ताई सरळ कपाटाकडे जातात, पुस्तक काढतात, जिथे गोष्टीत सगळा घोळ सुरू होतो ते पान उघडतात आणि तिथे कागदाची पट्टी घालतात. "इथून वाच. नाही आवडलं तर परत आण, मागचं वाचायची सक्ती नाही." मूल पट्टीपासून सुरुवात करतं आणि हा घोळ झाला कसा, हे कळावं म्हणून आपसूक पहिल्या पानावर जातं.

दुसरी रीत कोणाला ठाऊक नव्हती. टेबलाच्या खालच्या खणात बुटांचा एक खोका होता आणि त्यात घरागणिक एक कार्ड. कोणी काय नेलं, कुठे सोडलं, आणि कोणाच्या घरचं पाणी कसं आहे. "वडील स्वतःच निवडतात. त्यांना प्रवासवर्णनांकडे पाठवावे." "आई शेवट आधी सांगून टाकते." "भाऊ पुस्तक लपवतो, दोघांना एकदम दोन द्यावीत." ताईंच्या यजमानांना खोक्याचा सुगावा होता. ते म्हणत, "लग्न जमवणाऱ्यांकडेसुद्धा एवढी माहिती नसते. एक दिवस अंगाशी येईल."

आता भिंगरीची गोष्ट. नऊ वर्षांची पोर, डोक्याने तल्लख, पण बूड म्हणून टेकायची नाही. तिला दर शनिवारी घेऊन यायची तिची आजी. ही आजी म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी अख्खं गाव त्यांना मोठ्या बाईच म्हणे. त्या दारातून आत आल्या की काका पेपर डोळ्यांसमोर उभा धरत. चौथीत काकांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि आत घ्यायचं राहून गेलं होतं, असं म्हणतात.

मोठ्या बाईंचा नातीवर जीव होता, पण पुस्तक म्हटलं की त्यांच्यातली शाळा भरायची. पान संपलं की प्रश्न: "यातून काय शिकलीस?" भिंगरी दुसऱ्या पानापर्यंत टिकायचीच नाही. पुस्तक घरी जाई आणि जसंच्या तसं परत येई.

त्या शनिवारी ताईंनी खणातलं भिंगरीचं कार्ड पाहिलं आणि एक पातळसं पुस्तक काढलं. एका गाढवाला बोटीत चढवायचं असतं आणि ते चढत नाही, एवढीच गोष्ट. एकशेवीस पानं ते चढत नाही. समोर गर्दी, फोन वाजतोय, एक बाळ टेबलावरचा शिक्का चाटतंय. अशा गडबडीत ताईंनी तेविसावं पान उघडलं, हाताला लागेल तो कागद घातला आणि पुस्तक भिंगरीला दिलं. पोर उभ्या उभ्या वाचायला लागली. खुदकन हसली. मोठ्या बाईंनी "बघू" म्हणून हात पुढे केला, तशी तिने पुस्तक छातीशी धरलं आणि पळाली. ताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी काकांना स्वतःहून चहा पाजला.

सोमवारी ताईंनी खोका उघडला. भिंगरीच्या कार्डाच्या जागी कोरी पट्टी होती. म्हणजे कार्ड कुठे होतं, ते सांगायला नको. त्यावरचा मजकूर ताईंना तोंडपाठ होता: "सहा पुस्तकं नेली, एकही वाचलं नाही. अडचण मुलीची नाही, आजीची. बोध विचारते. उपाय: गाढव द्यावं. आजीला दूर ठेवावं."

ताईंनी कपाळाला हात लावला. आपल्याला बोल लागेल त्याचं काही नव्हतं. सव्वीस वर्षांत तेवढी कातडी जाड झालेली. पण पोर आत्ता कुठे पुस्तकाला चिकटली होती, आणि मोठ्या बाई एकदा रागावल्या की पुन्हा या दाराकडे फिरकायच्या नाहीत.

"तुम्ही जाऊन बघून याल का, काय वातावरण आहे ते?" त्यांनी काकांना विचारलं.

"मी? मला अजून आत घेतलेलं नाही त्यांनी."

"विनोद नकोय हो."

"मी कुठे करतोय?"

शेवटी बुधवारी संध्याकाळी ताई स्वतः निघाल्या. सबबही तयार ठेवली: पुस्तकाचं एक पान सुटलंय, चिकटवून देते. फाटकाशी पोचल्या. मोठ्या बाई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या, घराकडे पाठ, हात मांडीवर, चेहरा असा की पहिली ते चौथी एकदम चिडीचूप व्हावी. घरात दिवा लागलेला, आणि नात कुठे दिसेना. ताईंची सबब मनातच राहिली. त्यांनी फाटकाजवळच्या झाडाचं उगीच निरीक्षण केलं आणि काढता पाय घेतला.

"पुस्तक काढून घेतलेलं दिसतंय," घरी येऊन त्या म्हणाल्या. "पोरीला आत बसवलंय आणि बाई बाहेर पहारा देताहेत."

यजमान म्हणाले, "शनिवारी कळेलच." मदत म्हणून एवढंच.

शनिवारी दहाला मोठ्या बाई आल्या. एकट्याच. काकांचा पेपर वर गेला, आणि गडबडीत उलटा गेला. मोठ्या बाई समोर बसल्या, पिशवीतून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. निळ्या अक्षराखाली लाल शाईने तपासलेलं होतं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

ताईंनी कार्ड उचललं. "सहा नव्हे, सात. एक मी परस्पर परत केलं, त्यात मुलं वडिलांची टोपी लपवत होती... आजीला दूर ठेवावं: किती दूर, ते लिहिलेलं नाही. उत्तर अपूर्ण... दहापैकी सात."

"अडचण कोणाची ते ओळखलंत, म्हणून सात. नाहीतर पाचच देणार होते."

"बाई, माझं चुकलं. ते तुमच्या हाती पडायला नको होतं."

"माझ्या नाहीच पडलं. तिने आणून दिलं." मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी घरी गेल्या गेल्या. म्हणाली, आजी, लायब्ररीचा नियम आहे, लेखी आहे. ती जिन्यात आणि मी अंगणात. आठवडाभर. जेवणात तेवढी सूट."

काकांचा पेपर थरथरायला लागला. पेपरामागे माणूस हसत असला की असं होतं.

"तुम्ही उभे राहा," मोठ्या बाई तिकडे न बघता म्हणाल्या. काका उभे राहिले.

"मग... वाचलं का तिने?" ताईंनी विचारलं.

"दोनदा. पहिल्यांदा तेवीसपासून, दुसऱ्यांदा पहिल्यापासून." मग बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आत हसायची हो, एकटीच. पोट धरून. मला बाहेर ऐकू यायचं. आणि का हसतेय, ते विचारायची चोरी. पस्तीस वर्षं मुलांना विचारत आले, पण एवढं विचारावंसं कधी वाटलं नव्हतं." त्यांनी पिशवीतून गाढवाचं पुस्तक काढलं. "हे माझ्या नावावर करून द्या."

ताईंनी शिक्का मारला. घाईत तारीख जरा तिरकी उमटली. मोठ्या बाईंनी ती पाहिली आणि सोडून दिली, हे विशेष.

"आणि भिंगरी?"

"पायरीवर बसलीय. नियम कडक पाळते. आधी मी आत जायचं, मग ती येणार."

ताई स्वतः उठून तिला आणायला गेल्या. भिंगरीने आत येऊन आपल्या हाताने कपाट धुंडाळलं, तीन पुस्तकं चाळून परत ठेवली आणि चौथं घेऊन खिडकीखालच्या सतरंजीवर बसली. मोठ्या बाई दुसऱ्या टोकाला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर टेकल्या, गुडघे हनुवटीला लागतील अशा, आणि वाचू लागल्या. काका अजून उभेच होते, पण ताईंना त्यांना बसवायचं सुचलं नाही. त्यांचं लक्ष पोरीकडे होतं. अर्धा तास झाला, ती हलली नव्हती.

मग त्या टोकाकडून नाकातून आल्यासारखा एक आवाज आला. थोड्या वेळाने परत. तिसऱ्यांदा मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

भिंगरीने मान वर केली. "कुठवर आलीस, आजी?"

"दोर तुटला."

"मग आता ते काय करतं, माहितेय..."

"सांगू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि घाईघाईने पान उलटलं.