पत्रिका बघताना वाजलेला भोंगा

वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला की मला हडपसरच्या आमच्या फ्लॅटमधली ती रविवारची सकाळ आठवते. मुलीकडची मंडळी मुलीला घेऊन घर बघायला आली होती, कॉफीचे कप नुकतेच हातात आले होते आणि आई म्हणाली, "पत्रिका एकदा कंप्युटरवर बघून घे ना." मी आयटीतला, त्यामुळे सगळ्यांसमोर ऐटीत लॅपटॉप उघडला आणि फुकट पत्रिका जुळवून देणाऱ्या एका साइटवर क्लिक केलं. त्याबरोबर स्क्रीन लालभडक झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई खड्या आवाजात हिंदीत सांगू लागली, की अश्लील साइट पाहिल्यामुळे या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. माझे वडील खिडकीबाहेर बघू लागले. मी खरंच मोबाइल काढून तो नंबर दाबायला लागलो. तेवढ्यात मुलगी उठून शेजारी आली. "फोन नका करू. व्हायरसची खरी सूचना असा नंबर देत नाही, हे नुसतं वेब पेज आहे," असं म्हणत तिने एस्केपचं बटण दाबून धरलं आणि ब्राउझर बंद केला. भोंगा थांबला. तिच्या वडिलांनी कप खाली ठेवून मला विचारलं, "आपण आयटीत नक्की काय करता?" लग्नाला आता सात वर्षं झाली. त्यांचा कंप्युटर अडला की ते फोन करतात, मी उचलला तर आपुलकीने माझी तब्येत विचारतात आणि मग म्हणतात, "जरा तिला देता का?"